गालेत की क्रेप? आधी पीठ विचारा

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतात घरोघरी होणारे गालेत आणि क्रेप हे दोन पदार्थ बाहेरच्या माणसाला एकच वाटतात, कारण दोन्ही पातळ, गोल, तव्यावर पसरलेले आणि दुमडून ताटात आलेले असतात. पॅरिसमध्ये ब्रिटनीच्या गाड्या मोंपारनास स्थानकावर येतात, आणि त्याच परिसरात या पदार्थांच्या खानावळी एकमेकींना लागून आहेत. तिथे पहिल्यांदा गेलेल्याला बहुधा ‘खारी ती गालेत, गोड ती क्रेप’ असे सांगितले जाते. हे उत्तर सोयीचे असले तरी खरा फरक धान्याचा आहे आणि तो यात झाकला जातो.

गालेत कुट्टूच्या पिठाची. उत्तर भारतात नवरात्राच्या उपवासाला चालते तेच हे कुट्टू. फ्रेंचमध्ये त्याला ‘ब्ले न्वार’, म्हणजे काळा गहू, असेही म्हणतात. पण ते गव्हाच्या जवळपासचेही नाही, आपल्या चुक्याच्या भाजीच्या कुळातले आहे. ब्रिटनीच्या ग्रॅनाइटवरच्या आम्लधर्मी, निकस जमिनीत जिथे गहू धड पिकत नसे, तिथे हे पीक तीन-चार महिन्यांत हाती येई. त्यामुळे गालेत हा हौसेचा पदार्थ नव्हता. शेतकऱ्याच्या घरात तिचे स्थान आपल्याकडच्या भाकरीचे होते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय तिच्या साधेपणाची किंमत कळत नाही.

२५० ग्रॅम पीठ, थोडे जाडे मीठ आणि अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी, एवढ्यावर गालेत होते. कुट्टूत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्यामुळे पीठ आपोआप धरून राहत नाही, म्हणून ते हाताने बराच वेळ फेटतात आणि काही तास, शक्यतो रात्रभर, मुरू देतात. बिडाचा, कडा नसलेला सपाट तवा (याला ‘बिलिग’ म्हणतात) चांगला कडकडीत तापवून त्यावर पळीभर पीठ ओतले की ते चुरचुरते, आणि दांड्याला आडवी पट्टी बसवलेल्या लाकडी ‘रोझेल’ने गोल फिरवेपर्यंत वाफ निसटून त्याला बारीक जाळी पडते. कोकणातल्या घावनाची जाळी ज्याने पाहिली आहे, त्याला ही ओळखीची वाटेल. मग खारे लोणी, हॅम, किसलेले चीज आणि वर फोडलेले अंडे घालून, चारही कडा आत मुडपून, पिवळा बलक मधोमध दिसेल असा चौकोन करतात. ही ‘काँप्लेत’.

क्रेप मैद्याची. २५० ग्रॅम मैद्याला अर्धा लिटर दूध, चार अंडी आणि थोडे वितळलेले लोणी लागते, आणि ती मऊ, फिकट, साखर किंवा जॅम अलगद सामावून घेणारी होते. २ फेब्रुवारीला, ‘शांदलर’ या ख्रिस्ती सणाच्या दिवशी, फ्रान्सभर घरोघरी क्रेप होतात, एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने तव्यावरची क्रेप उडवून उलटली की वर्षभर पैशाला तोटा पडत नाही, अशी समजूत आहे.

घोटाळा खुद्द ब्रिटनीतही आहे. पूर्वेला, रेन शहराच्या बाजूला, जिला गालेत म्हणतात, तिलाच पश्चिमेला फिनिस्तेरमध्ये ‘काळ्या गव्हाची क्रेप’ म्हणतात. तिथे ती अधिक पातळ आणि कुरकुरीत असते, आणि पिठात कधी थोडा मैदाही मिसळलेला असतो. त्यामुळे ज्यांना ग्लुटेन चालत नाही, त्यांनी केवळ नावावर विसंबू नये; पीठ निव्वळ कुट्टूचे आहे का, हे आवर्जून विचारावे. जानेवारीत मिळणारी ‘गालेत दे र्वा’ तर पूर्ण वेगळी आहे: पापुद्र्यांच्या आवरणात बदामाचे सारण भरून ती भट्टीत भाजलेली असते.

उरलेल्या गालेतीही घरात वाया जात नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या खाऱ्या लोण्यावर पुन्हा परततात, आणि कडा तपकिरी होऊन कुरकुरू लागल्या की तशाच गरम गरम खातात.