गॅलेक्टिन-३ आणि स्तनाचा कर्करोग

गॅलेक्टिन-३ हे पेशींवरील गॅलॅक्टोजयुक्त शर्करासाखळ्या धरून ठेवणारे प्रथिन आहे. माणसात ते २५० अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक १४व्या गुणसूत्रावर असते. एका टोकाला शर्करा पकडणारा भाग, दुसऱ्या टोकाला प्रोलीन-ग्लायसिनने भरलेली लवचीक शेपटी; ही घडण माणसाच्या इतर गॅलेक्टिनांत आढळत नाही. शेपट्यांमुळे अनेक रेणू एकत्र येऊन पेशीच्या पृष्ठभागावर जाळे तयार होते.

कर्करोगात त्याची भूमिका जागेनुसार बदलते. पेशीद्रव्यात असले की ते कर्कपेशीला आत्मनाशापासून वाचवते. पेशीचा आत्मनाश रोखणाऱ्या बीसीएल-२ प्रथिनातला चार अमिनो आम्लांचा एक क्रम त्याच्यातही आहे. तो बिघडवला की हे संरक्षण जाते. पेशीबाहेर आल्यावर काम निराळे. कर्कपेशींवरील म्यूक-१ प्रथिनावर अपुऱ्या शर्करासाखळ्या उघड्या पडतात. गॅलेक्टिन-३ त्यांना चिकटले की रक्तातून वाहणाऱ्या पेशीला रक्तवाहिनीच्या अस्तरावर ठाव मिळतो आणि रोग दुसऱ्या अवयवात पसरायला वाट होते. टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींनाही, ते लुळे करते. एमएमपी-२ व एमएमपी-९ ही विकरे त्याची शेपटी तोडतात. ६४व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असेल तर ती अधिक सहज तुटते.

तरीही ‘गॅलेक्टिन-३ जास्त, म्हणजे रोग वाईट’ असे सरळ गणित नाही. काही पाहण्यांत आजूबाजूला पसरलेल्या गाठींमध्ये ते उलट घटलेले दिसले.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. देशातली ती या प्रकारची पहिली. सुरुवातीच्या नोंदींत बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर होता, स्तनाचा मागे. आज सोलापुरात स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला आणि कर्करोग निघाला, तर ईआर व पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही) आणि हर-२ (पेशीची वाढ चेतवणारे प्रथिन) पाहतात, कारण उपचार त्यांवर ठरतात. गॅलेक्टिन-३चा रकाना त्यात नसतो. थायरॉइडच्या गाठींच्या निदानात मात्र त्याचा उपयोग होतो.

लिंबूवर्गीय फळांच्या सालींतले प्रक्रिया केलेले पेक्टिन या प्रथिनाला अडवते, असे सांगून पावडरी विकल्या जातात. दाखला असतो तो २००२ च्या प्रयोगाचा: पाण्यातून पेक्टिन दिलेल्या उंदरांत गाठी कमी वाढल्या. त्यात स्तनाच्या म्हणून वापरलेल्या पेशी पुढे मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ठरल्या, हे डब्यावर कुणी छापत नाही.