एकाच जागेवरून, तरीही वेगळा उजेड

पणजीतील शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत एकाच जागी उभे राहून रोमटामेळाची (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या पथकाची) दहा छायाचित्रे काढली, तर काहींत ढोलवादकाचा चेहरा पांढराफटक पडतो, काहींत काळवंडतो आणि दोन-तीनच मनासारखी उतरतात. फ्लॅश सर्व वेळ स्वयंचलित पद्धतीवरच असल्यामुळे तो बिघडला आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात तो आपले काम चोख करत असतो; ते काम आपण समजतो त्याहून वेगळे आहे, एवढेच.

फ्लॅशमधील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट दाबाने साठवलेली वीज झेनॉन वायूच्या नळीतून वाहिली की लख्ख प्रकाश पडतो. हा प्रकाश कमी-जास्त करायचा तो मुख्यतः त्याचा कालावधी बदलून: पूर्ण शक्तीला तो सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका टिकतो, तर सर्वांत कमी शक्तीला वीस हजाराव्या भागाहूनही कमी. तो नेमका कधी तोडायचा, हाच खरा प्रश्न आहे. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्यात फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश छायाचित्र घेतले जात असतानाच मोजला जाई आणि पुरेसा झाला की फ्लॅश बंद होई. डिजिटल सेन्सरचा गुळगुळीत पृष्ठभाग फिल्मसारखा प्रकाश विखुरत नाही, म्हणून आता मुख्य झोतापूर्वी एक क्षीण पूर्वझोत टाकून, परत आलेल्या प्रकाशावरून हिशेब केला जातो. डोळे मिटलेली माणसे छायाचित्रांत दिसतात, त्याचे एक कारण हा पूर्वझोतही असतो.

मात्र परत आलेला प्रकाश कमी का किंवा जास्त का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो ढोबळमानाने गृहीत धरतो. मडगावच्या एखाद्या चर्चमधील विवाहात वधूच्या शुभ्र गाऊनने चौकट भरली की तो झोत आखडता घेतो आणि गाऊन मळकट दिसतो. वराच्या काळ्या सुटाकडे वळताच तो झोत वाढवतो आणि चेहरा उजळून पांढरा पडतो. शिगम्याच्या रात्री मागे मोकळे आकाश असते, तिथून काहीच प्रकाश परत येत नाही. देवळात समई किंवा चांदीची प्रभावळ चौकटीत आली, तर तिची चकाकी उलट दिशेने फसवते. नवे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग वेगवेगळे मोजतात आणि काही पद्धतींत लेन्सने कळवलेले अंतरही जमेस धरतात, त्यामुळे चूक घटते. पण ती नाहीशी होत नाही.

माझ्या मते पहिला उपाय म्हणजे कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा), छिद्र (लेन्सचे तोंड किती उघडायचे) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) स्थिर करणे, म्हणजे बदलणारी गोष्ट एकच उरते, फ्लॅशचा झोत. त्यानंतर चेहऱ्यावर मापन करून फ्लॅशचे प्रमाण लॉक करावे. ही सोय अनेक कॅमेऱ्यांत असूनही फार थोडे जण वापरतात, याचे वाईट वाटते. पांढऱ्या वस्त्रांसाठी फ्लॅशची भरपाई, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती, एक स्टॉपने (प्रकाश दुप्पट होईल इतकी) वाढवून पाहावी, काळ्यासाठी तेवढीच घटवावी.

सभामंडपातील समूहचित्रासारखे अंतर ठरलेले असेल, तर स्वयंचलित पद्धत सोडणेच उत्तम. फ्लॅशचा मार्गदर्शक क्रमांक (त्याची ताकद सांगणारा आकडा; त्याला अंतराने भागले की छिद्राचे माप मिळते) आयएसओ १०० ला ४० मीटर असेल, तर पाच मीटरवरच्या मंडळींसाठी पूर्ण शक्तीला ४० भागिले ५, म्हणजे एफ/८ छिद्र लागते, मग कपडे कोणत्याही रंगाचे असोत. मिरवणुकीत मात्र हा हिशेब टिकत नाही, कारण दोन मीटरवरचा नर्तक चार मीटरवर गेला की त्याच्यावरचा प्रकाश एक-चतुर्थांश होतो. झोत छतावरून परतवण्याची युक्तीही जुन्या गोमंतकीय घरांत फसते: मंगळुरी कौलांचे उंच, गडद छप्पर बराचसा प्रकाश गिळते आणि उरलेल्याला तांबूस छटा देते.

एवढे करूनही सलग छायाचित्रांत मधलेच एखादे काळे आले, तर कपॅसिटरचा विचार करावा. पूर्ण शक्तीनंतर तो भरायला काही सेकंद लागतात, बॅटऱ्या उतरल्या असतील तर त्याहूनही जास्त, आणि काही फ्लॅशचा तयारीचा दिवा तो काठोकाठ भरण्याआधीच लागतो. तेव्हा दिवा लागल्यावरही क्षणभर थांबून मगच बटण दाबावे.