चिनी खजिना-जहाजांच्या सफरी

मिंग राजवटीत १४०५ ते १४३३ दरम्यान ‘झेंग हे’ नावाच्या, मुसलमान घराण्यात जन्मलेल्या खोजा (म्हणजे नपुंसक केलेल्या दरबारी) सरदाराने नेलेल्या सात आरमारी मोहिमा. पहिल्या मोहिमेवर सत्तावीस हजारांहून अधिक माणसे होती. जहाजे कालिकत, होर्मुझ आणि पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली.

एवढा खटाटोप कशासाठी? योंगल बादशहाने १४०२ मध्ये पुतण्याची गादी बळकावली होती. पुतण्या परदेशी पळाला, त्याच्या शोधासाठी आरमार धाडले, असे मिंग राजवटीच्या इतिहासातही नोंदले आहे. पण एका माणसाच्या शोधाला सत्तावीस हजार माणसे कशाला? बळकावलेल्या गादीला मान्यता हवी होती, हे कारण अधिक पटते. दूरदेशीचे वकील नजराणे घेऊन दरबारी आले की ती आपसूक मिळे. १४१४ मध्ये बंगालहून आलेला जिराफ तर चीलिन हा शुभ प्राणी म्हणून मिरवला गेला.

नुसता मान मात्र नव्हता. योंगलच्या बापाने खासगी समुद्रव्यापारावर बंदी घातली होती. तसूभर फळीही समुद्रात जाऊ नये, असा तिचा खाक्या. म्हणजे मिरी आणि पतंगाचे (लाल रंग देणाऱ्या झाडाचे) लाकूड यांचा मक्ता सरकारकडे आला, आणि पुढे अधिकाऱ्यांच्या पगाराचा काही भाग चक्क मिरीत चुकता होऊ लागला!

कालिकतचा सौदा मोहिमेवरच्या मा ह्वान या दुभाष्याने टिपून ठेवला आहे. राजाचा अधिकारी, चेट्टी व्यापारी आणि दलाल बसत, रेशमाचा एकेक नग पाहून भाव ठरे, मग सगळे हातात हात घेत. महाग पडो की स्वस्त, शब्द फिरवायचा नाही. मोती-रत्नांच्या घासाघिशीत मात्र एकापासून तीन महिने जात.

धाकही होताच: सुमात्रातल्या पालेंबांगचा चाचा (समुद्री लुटारू) चेन झूयी पकडून ठार केला, सिंहली सत्ताधीश अलकेश्वराला कैद करून चीनला नेले. त्याच सिंहलद्वीपात गॉल येथे सापडलेल्या शिलालेखावर १४०९ची तारीख आहे. त्यातला चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर स्थानिक विष्णुरूपाला आणि फारसी मजकूर इस्लामच्या नावे दाने नोंदवतो.

उत्तरेत मंगोलांचा धोका, अवाढव्य खर्च आणि खोजांवर खार खाणारे कन्फ्यूशियसपंथी मंत्री यांमुळे १४३३ नंतर सफरी थांबल्या. चोरटा व्यापार कधीच थांबला नव्हता. १५६७ मध्ये फूच्येन किनाऱ्यावरच्या युएगांग बंदरातून खासगी व्यापाराला परवानगी मिळाली, आणि पुढे मनिलामार्गे अमेरिकेची चांदी तिथे येऊ लागली.