सूज उतरली, तरी अंग का ठणकते?

निफाडकडची माझी मावशी वर्षानुवर्षे द्राक्षाच्या विरळणीला जात असे. मांडवाखाली उभे राहून हात दिवसभर वर धरायचे आणि घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, असे ते काम. एका हंगामात तिच्या बोटांचे सांधे सुजले, सकाळी तास-दीड तास मूठ वळेना, आणि नाशिकला नेल्यावर आमवाताचे निदान झाले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटने काही महिन्यांत सूज उतरली, रक्तातील दाह दाखवणारी ईएसआर तपासणीही खाली आली. मात्र मान, पाठ, दंड, मांड्या असे सगळे अंग ठणकतच राहिले. घरातले म्हणू लागले, “रिपोर्ट तर चांगला आलाय, मग आता काय दुखतंय?” या प्रश्नाने तिला दुखण्यापेक्षा जास्त त्रास दिला, हे मी जवळून पाहिले आहे.

आमवातात रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते, तिथे दाह होतो आणि तिथल्या चेतातंतूंमार्फत वेदनेचे संदेश मेंदूकडे जातात. असे संदेश महिनोन्‌महिने येत राहिले, की काही रुग्णांत मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील होते, आणि वेदना आवरणारे मेंदूकडून खाली येणारे संदेश दुबळे पडतात. मग दाह शमल्यावरही साधा स्पर्श किंवा किरकोळ श्रम दुखणे म्हणून जाणवतात. मज्जारज्जूतील या बदलाचा प्रायोगिक पुरावा चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये मांडला. अशा वेदनेचा पुढचा टप्पा म्हणजे फायब्रोमायल्जिया: सर्वांगदुखी, न भागणारी झोप, थकवा आणि विसराळूपणा. सर्वसाधारण लोकांमध्ये तो शंभरात दोन ते चार जणांना आढळतो, तर आमवाताच्या रुग्णांत साधारण पाचांपैकी एकाला.

खरी अडचण मोजमापात आहे. आमवाताची तीव्रता ठरवण्यासाठी डॉक्टर बहुधा ‘डास-28’ हा निर्देशांक वापरतात. त्यात 28 सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, रक्तातील दाहाचे प्रमाण आणि रुग्णाला स्वतःला कसे वाटते, हे एकत्र केले जाते; पण त्या सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्यांच्या दुप्पट वजन आहे. त्यामुळे सर्वांगदुखी असलेल्या रुग्णाचा निर्देशांक सूज नसतानाही फुगतो, आणि दाह आटोक्यात नाही असे समजून औषधे वाढवली जाण्याचा धोका असतो. ही औषधे प्रतिकारशक्ती दडपणारी आणि काही तर फार महागडी असल्याने ही चूक क्षुल्लक नाही.

मावशीच्या डॉक्टरांनी अंगठ्याने तिचा एकेक सांधा दाबून पाहिला. दाह असलेला सांधा पिकलेल्या द्राक्षासारखा मऊ, फुगीर लागतो. तिची बोटे आता तशी लागत नव्हती. नंतर त्यांनी सांध्यापासून दूर, दंडाच्या मध्यावर तेवढाच दाब दिला, तेव्हा ती कळवळली. त्यांनी कागदावर दुखरे आणि सुजलेले सांधे असे दोन वेगळे रकाने केले: पहिल्यात अकरा, दुसऱ्यात एक. थायरॉइड आणि रक्तक्षय यांच्या तपासण्याही त्यांनी करून घेतल्या, कारण अंगदुखीची अशी साधी कारणे आधी वगळावी लागतात.

मेथोट्रेक्सेट तसेच चालू राहिले. ते बंद केले असते तर दाह पुन्हा उसळला असता, म्हणून रुग्णाने असा निर्णय परस्पर कधीही घेऊ नये. सर्वांगदुखीवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाचा. पहिल्या आठवड्यांत दुखणे थोडे वाढते आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात, म्हणून सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्यानेही चालेल. त्याच्या जोडीला झोपेची शिस्त, गरज पडल्यास वेदनेच्या यंत्रणेवर काम करणारे ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन किंवा कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिन असे औषध. नैराश्य असल्यास त्यावरही उपचार. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, आणि त्या मनाने वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

निफाडच्या कडाक्याच्या थंडीत मावशीचे दुखणे अजूनही वाढते. पण त्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही रकाने घरातल्यांसमोर ठेवून, “यांचं दुखणं खरं आहे, फक्त ते सांध्यात नाही,” असे सांगितले, तेव्हापासून रिपोर्टचा तो प्रश्न तिला कोणी विचारलेला नाही.