लूपवर टॅग कुठून आले

लूप म्हणजे परत परत वाजवायचा आवाजाचा छोटा तुकडा, त्यांची लायब्ररी लावायला बसलं की आधी फोल्डरच करतो आपण, आणि तिथेच गाडी अडते, कारण गणेश चवथीत रेकॉर्ड केलेला घुमटाचा, म्हणजे गोव्याच्या मातीच्या तालवाद्याचा, तुकडा 'ड्रम्स'मध्ये टाकायचा, 'आरती'मध्ये टाकायचा की गावाच्या नावाच्या फोल्डरात? टॅगचं, म्हणजे फाईलला लावायच्या शोधचिठ्ठीचं, मूळ या अडचणीत आहे.

लूप आधी खरोखरचं वेटोळंच होतं. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी तबकडीची खाच वर्तुळात बंद करून तोच आवाज परत परत वाजवला, मग टेप आली, टोकाला टोक चिकटवायचं, आणि आत काय आहे ते डब्यावर पेनाने लिहायचं. आपल्या गोव्यातल्या हणजुणच्या पार्ट्यांतही ८० च्या दशकात डीजे गाण्यातला गाता भाग कापून नुसत्या वाद्यांचे तुकडे कॅसेटवर लांबवायचे, पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप, आल्या; तबकड्या नकोत, कारण त्या उन्हात वाकायच्या ना. तिथेही ओळख म्हणजे कव्हरवरची अक्षरं.

मग सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र. १९८८ च्या अकाई एस-१००० मध्ये नावाला १२ अक्षरं, त्यात वाद्य, सूर, टेम्पो सगळं कोंबायचं, तुटक नावांची सवय तिथली, अजून गेली नाही.

खरा बदल १९९८ मध्ये, सॉनिक फाउंड्री कंपनीच्या संगीत सॉफ्टवेअरने, म्हणजे अ‍ॅसिडने. टेम्पो आणि मूळ सूर फाईलच्या आतच लिहिला जाऊ लागला, लूप कुठेही ओढा, गाण्याच्या टेम्पोवर बसणार. जानेवारी २००४ मध्ये अ‍ॅपलने गॅरेजबँड हे संगीताचं सॉफ्टवेअर आणलं आणि त्यातल्या तयार अ‍ॅपल लूप्समध्ये वाद्य, शैली आणि स्वभावसुद्धा आला, म्हणजे हा लूप चीअरफुल की डार्क, अकूस्टिक की इलेक्ट्रिक, असं निवडून शोधायचं. एक फाईल दहा ठिकाणी सापडू लागली, हे मला फार मोठं वाटतं. आता २०२४ च्या एबलटन लाइव्ह १२ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्येही फाईल शोधायच्या ब्राउझरमध्ये स्वतःचे टॅग करता येतात.

पण त्या तयार टॅगांच्या यादीत आपलं सगळं 'वर्ल्ड/एथनिक'मध्ये जातं, आणि याचा मला मनापासून राग येतो. घुमट २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, त्याला एवढाच खण? उजवा हात चामड्यावर पडतो, डावा तळवा मातीच्या मडक्याचं छोटं तोंड उघडझाप करतो आणि आवाज गुंगत वर-खाली होतो, त्याला 'की', म्हणजे मूळ सूर, कुठली लिहिणार? आरती चढत जाते, मग बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचा, एकच आकडा खोटा पडतो. आणि चामडं! पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं, आणि आवाजातला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

म्हणून माझे टॅग असे: घुमट, त्याच्या साथीचं तालवाद्य शामेळ, झांजा म्हणजे कासाळें, मग चामडं कुठलं, गाव कुठलं, लय चढती की स्थिर, आणि देवाच्या खोलीत घेतलं की मांडवात, कारण घुमणं वेगळं. परवा 'चढती' आणि 'मांडव' दोन्ही टाकले तर सात तुकडे आले, सातही वेगवेगळ्या फोल्डरांतून, त्यातल्या एकात मागे फटाका वाजलाय, तोही टॅग करून ठेवला.