माटोळीखालची घेरी

चवथीला दोन दिवस होते. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची, चौकट नीट बसलीय का पाहायला काकांनी मान मागे टाकली आणि घर गरकन फिरलं. अर्ध्या मिनिटात थांबलंही. काकी म्हणाल्या पित्त, शेजारी म्हणाले मानेचा मणका. रात्री कूस बदलताना पुन्हा तेच.

दोष ना पित्ताचा, ना मणक्याचा. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की मान हलल्यावर घरंगळतात, नळीतला द्रव ढवळतात आणि डोकं फिरतंय अशी खोटी वर्दी मेंदूला जाते. खडे स्थिरावले की घेरी थांबते. बहुधा मिनिटभराच्या आत.

तासन्‌तास न थांबणारी घेरी वेगळी. ती कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेच्या सुजेने येते, तशी लहान मेंदूतल्या स्ट्रोकनेही. इथे डॉक्टर एक गमतीशीर चाचणी करतात. रुग्णाने डॉक्टरांच्या नाकाकडे पाहत राहायचं. डॉक्टर त्याचं डोकं झटकन थोडं वळवतात. नस दुबळी असेल तर नजर डोक्याबरोबर घसरते आणि उडी मारून नाकावर परतते. हा बिघाड दिसला तर उलट हायसं वाटतं, कारण बोट कानाकडे जातं. घेरी चालूच आहे, बुबुळं थरथरताहेत, तरी नजर नाकावर चिकटून? मग मेंदूची शंका. नजर डावी-उजवीकडे नेली की थरथरीची दिशा बदलते का, एकेक डोळा झाकला की बुबुळ वर-खाली सरकतं का, हेही पाहतात. 2009 साली या तीन खुणांची त्रयी ‘हिंट्स’ नावाने मांडली गेली. सुरुवातीच्या एमआरआयमध्येही असा स्ट्रोक कधी कधी निसटतो, सीटी स्कॅनमध्ये तर सर्रास. ही चाचणी घरी करायची नाही, आणि काकांसारख्या येऊन-जाऊन होणाऱ्या घेरीला ती लागूही नाही.

घेरीसोबत दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळता न येणं, अचानक एका कानाने ऐकू न येणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, यांतलं काहीही असेल तर थेट 108. लिंबू-सरबत नंतर.

काकांना फोंड्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी मान वळवून झटकन आडवं केलं. बुबुळं थरथरली, निदान झालं. मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून खडे जागेवर धाडले. याला एप्ली म्हणतात, गोळी लागत नाही. माटोळी मात्र पुतण्याने बांधली. काका खालून, मान वर न करता, “तोरिंग डावीकडे घे रे” म्हणत होते.