हुकोऊ आणि लाओजिया: चिनी माणसाच्या दोन गावांची गोष्ट

'हुकोऊ' या चिनी शब्दाचं मराठी करताना आपली हमखास गल्लत होते. कुणी त्याला 'मूळ गावचा दाखला' म्हणतं, कुणी 'जन्मगावाची नोंद'. दोन्ही अर्थ चुकतात. मूळ गावाला चिनी माणसाकडे वेगळा शब्द आहे, लाओजिया. लाओ म्हणजे जुनं, जिया म्हणजे घर. 'मे महिन्यात गावी जाऊन येतो' म्हणताना आपल्या तोंडी जो सूर येतो, तोच त्या शब्दात आहे. हुकोऊत तो सापडणार नाही. 'हू' म्हणजे घर आणि 'कोऊ' म्हणजे तोंड. घरात खाणारी तोंडं किती, याचा सरकारने ठेवलेला हिशेब म्हणजे हुकोऊ.

लाओजिया वाडवडिलांकडून येतं, हुकोऊ पोलीस ठाण्यातून. या दोघांची सरमिसळ केली, तर आजच्या चीनमध्ये आईबाप एका शहरात आणि मूल हजार किलोमीटरवर आजीजवळ असं का होतं, ते नीट कळतच नाही.

फरक समजून घ्यायला सरळ कागदच उघडून बघावा. चिनी घरात कपाटाच्या आतल्या कप्प्यात लालसर तपकिरी वेष्टणाचं एक लहान पुस्तक जपून ठेवलेलं असतं. त्याला म्हणतात हुकोऊबेन. पहिल्या पानावर कुटुंबाचा पत्ता आणि कुटुंबप्रमुखाचं नाव, मग घरातल्या प्रत्येकाचं एकेक पान. पानावर नाव, पूर्वीचं नाव असल्यास ते, कुटुंबप्रमुखाशी नातं, वांशिक गट, शिक्षण, लग्न झालंय की नाही, नोकरी कुठे, इतकंच काय, उंची आणि रक्तगट यांनाही रकाने आहेत. या गर्दीत दोन रकाने वेगवेगळे छापलेले असतात: एक 'जन्मस्थळ' आणि दुसरा 'जीगुआन'. जीगुआन म्हणजे लाओजियाचंच सरकारी रूप. त्याची अधिकृत व्याख्या अशी, की माणूस जन्मला तेव्हा त्याच्या वडिलांकडच्या आजोबांची राहण्याची नोंद जिथे होती, ते ठिकाण. आणि ज्या पत्त्यावर हे पुस्तक निघालं, तो पत्ता म्हणजे हुकोऊ. एकाच पानावर माणूस तीन ठिकाणचा असू शकतो.

समजा, हनान प्रांतातल्या शिनयांगजवळच्या खेड्यातलं एक जोडपं दक्षिणेला शेनझेनच्या कारखान्यात कामाला आहे. त्यांना शेनझेनमध्येच मुलगी झाली. तिचं जन्मस्थळ शेनझेन. जीगुआन शिनयांग, कारण आजोबा तिथले. आणि आईबापांचा हुकोऊ गावातच असल्यामुळे तिचाही हुकोऊ शिनयांगचाच. तिला अठरा अंकी ओळखक्रमांक मिळतो. त्यातले पहिले सहा अंक पहिल्या नोंदीच्या ठिकाणाचे, पुढचे आठ जन्मतारखेचे. तिचा क्रमांक ४११५ ने सुरू होणार, कारण ते शिनयांगचे अंक. शेनझेनचे असते तर ४४०३ ने सुरू झाला असता. पुढे वीस वर्षांनी तिने शेनझेनचा हुकोऊ मिळवला तरी ते आकडे बदलत नाहीत. समुद्राकाठच्या शहरात जन्मून तिथेच वाढलेल्या मुलीच्या कार्डावर आयुष्यभर गावचा पिनकोड गोंदलेला राहावा, तसं हे आहे.

लोक या दोन गोष्टींत गोंधळतात त्याला कारणही आहे. शिनयांगच्या या मुलीच्या आजोबांच्या बाबतीत दोन्ही एकच होत्या. ९ जानेवारी १९५८ ला हुकोऊचा कायदा आला आणि देशातली माणसं 'शेती' आणि 'बिगरशेती' अशा दोन वर्गांत वाटली गेली. शहरी हुकोऊवाल्याला सरकारकडून धान्याची कूपनं, घर, नोकरी. खेड्यातल्याने आपल्या कम्यूनने, म्हणजे गावच्या सामूहिक शेतीने, पिकवलेलं खायचं. आपल्याकडे रेशनकार्ड नसलं तरी वाण्याकडून चढ्या भावाने का होईना, तांदूळ मिळायचा. तिथे कूपनाशिवाय खानावळीत भाताची वाटीसुद्धा मिळत नसे, त्यामुळे गाव सोडून शहरात जाऊन राहणं म्हणजे उपाशी राहणं. ही कूपनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. जिथला हुकोऊ तिथेच घर, तिथेच शेत, तिथेच पूर्वजांची थडगी. तेव्हा हे दोन शब्द वेगळे करायची कुणाला गरजच पडली नाही. कारखाने उघडले, माणसं निघाली आणि मगच फट दिसली.

वारशाच्या बाबतीत मात्र दोघांच्या वाटा पहिल्यापासून उलट्या आहेत, आणि मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. लाओजिया बापाच्या बापाकडून येतं. हुकोऊ १९९८ पर्यंत आईकडून येत असे. यात स्त्रियांचा मान वगैरे काही नव्हता. शहरात नोकरी मिळवणारे बहुतेक पुरुष, त्यांच्या बायका खेड्यात. हुकोऊ बापाकडून मिळाला असता तर ती सगळी मुलं शहरी झाली असती आणि त्यांना शहरातून धान्य द्यावं लागलं असतं. म्हणून मुलं आईच्या कागदावर. घराण्याच्या वंशावळीत जिचं नाव धड लिहिलं जात नसे, तिच्याच कागदाने मुलाचं नशीब ठरायचं. १९९८ मध्ये आईबापांपैकी कुणाचाही हुकोऊ घ्यायची मुभा मिळाली.

लाओजियाची ताकद कागदात नाही. चीनच्या शेवटच्या, चिंग राजवटीत बीजिंगमध्ये शेकडो 'हुईगुआन' होती, म्हणजे त्या त्या प्रांताच्या किंवा जिल्ह्याच्या लोकांनी बांधलेल्या वास्तू. परीक्षेला आलेला आपल्याकडचा मुलगा तिथे उतरायचा, व्यापारी तिथे भेटायचे, आणि परमुलखात मेलेल्याची शवपेटी गावी पाठवायची सोय होईपर्यंत तिथेच ठेवली जायची. परदेशात वारलेल्यांच्या अस्थी गावी नेण्याचं काम हाँगकाँगच्या तुंगवा रुग्णालयाने कितीतरी वर्षं केलं. 'झाडाचं पान गळून मुळाशीच येतं' ही चिनी म्हण त्यांनी अशी शब्दशः पाळली.

उत्तर चीनमध्ये तर अनेकांचं लाओजिया एका झाडापाशी जाऊन थांबतं. शान्शी प्रांतातल्या होंगतोंगच्या मोठ्या झाडापासून चिंगच्या आधीच्या मिंग राजवटीत आपले पूर्वज इतरत्र वसवले गेले, असं लाखो लोक सांगतात. पायाच्या करंगळीचं नख दोन भागांत फाटलेलं असेल तर तो होंगतोंगचाच, असंही म्हणतात. शास्त्र त्याला काय म्हणेल ते म्हणो, पण ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मोजा काढून नख दाखवावंसं वाटणं, यातच लाओजिया आहे. तिथे कधी पाऊल न ठेवताही माणूस तिथला असतो. मालवण न पाहिलेला मालवणकर आपल्याला ठाऊकच आहे.

शिवाय लाओजिया ताणता येतं. शेनझेनच्या कारखान्यात हनानचा कुणीही 'लाओशियांग', म्हणजे गाववाला. तोच माणूस हनानमध्ये भेटला तर आपल्या तालुक्याचा असेल तरच गाववाला. समाजशास्त्रज्ञ फेई शियाओतोंग यांनी चिनी नात्यांना पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांची उपमा दिली होती. मधोमध मी, आणि गरजेप्रमाणे वर्तुळ लहान किंवा मोठं. हुकोऊला असं ताणणं माहीतच नाही. तो अमुक एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत असतो किंवा नसतो.

परक्या शहरात सरकारने हात वर केले की माणसं या वर्तुळांवर जगतात. १९८० च्या दशकात बीजिंगच्या दक्षिणेला फंगताई भागात झजियांग प्रांतातल्या वेंझोऊच्या शिंप्यांनी आणि कापडवाल्यांनी 'झजियांग गाव' उभं केलं. बीजिंगचा हुकोऊ जवळजवळ कुणाकडेच नाही, पण राहायला जागा, उधारी, कारागीर, दवाखाने, पाळणाघरं सगळं आपल्या माणसांत. १९९५ च्या अखेरीस ते मोठ्या प्रमाणात पाडलं गेलं. लाओजियाने पोट भरलं, पण त्याला बुलडोझर अडवता आला नाही. तिथे हुकोऊच लागतो.

हुकोऊ नसणं किती महागात पडू शकतं, हे २००३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. हुबेई प्रांतातला सुन झिगांग हा २७ वर्षांचा पदवीधर तरुण ग्वांगझोऊत डिझायनरची नोकरी करत होता. मार्चमधल्या एका रात्री रस्त्यावर त्याला अडवलं. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. त्याला कोठडीत घातलं आणि तीन दिवसांत मारहाणीने त्याचा जीव गेला. आपल्याच देशात, आपल्याच नोकरीच्या गावात. लोक इतके संतापले, की बाहेरच्यांना पकडून गावी पाठवायची ती सगळी व्यवस्था त्याच वर्षी जूनमध्ये रद्द झाली.

आता कुणाला तसं पकडत नाहीत. २०१४ मध्ये 'शेती' आणि 'बिगरशेती' हा भेदही कागदावरून काढायचं ठरलं, आणि लहान-मध्यम शहरांत हुकोऊ मिळणं खूपच सोपं झालं आहे. पण बीजिंग आणि शांघायचं दार अजून किलकिलंच आहे. २ कोटींहून जास्त वस्तीच्या बीजिंगमध्ये गुणांकन पद्धतीने दरवर्षी साधारण सहा हजार जणांना हुकोऊ मिळतो. गुण कशाचे, तर नोकरीची वर्षं, शिक्षण, घर, भरलेले कर. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, गाओकाओ, मुळात हुकोऊ असेल त्या प्रांतात द्यायची. २०१२ नंतर बऱ्याच ठिकाणी सवलती आल्या तरी या दोन शहरांत नियम कडक आहेत. म्हणून शहरात वाढलेली मुलं ऐन शिकायच्या वयात आईबापांना सोडून 'गावी' परत जातात, आणि कित्येकांनी त्या गावात त्याआधी फक्त नववर्षाचे चार दिवस काढलेले असतात. २०२० च्या जनगणनेत नोंद एकीकडे आणि राहणं दुसरीकडे असलेले लोक ४९ कोटींवर निघाले.

मात्र खेड्याचा हुकोऊ म्हणजे निव्वळ ओझं, असं समजू नये. त्यावर शेतजमिनीचा वाटा आणि घरासाठी जागा मिळते. शहराने उद्या कामावरून काढलं तर परतायला काहीतरी आहे, हा आधार फार मोठा. त्यामुळे शहराचा हुकोऊ देऊ केला तरी नको म्हणणारेही पुष्कळ आहेत. लाओजियाची ओढ आणि हुकोऊचा हिशेब इथे एकत्र येतात. पण बाई लग्न करून दुसऱ्या गावी गेली की अनेक खेडी तिचा वाटा काढून घेतात, आणि सासरचं गाव तिला लगेच वाटा देतंच असं नाही. अशा बायकांना 'वायजियान्यू', बाहेर दिलेल्या मुली, म्हणतात. त्यांचे खटले वर्षानुवर्षं चालले आहेत. मे २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने लग्नामुळे हा हक्क जाता कामा नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. गावच्या बैठकीत ते कितपत पाळलं जातं, यावर त्या बायकांचं म्हातारपण अवलंबून आहे. माहेरच्या वंशावळीतही त्यांना जागा नसायची. कन्फ्यूशियसच्या कोंग घराण्याने २००९ मध्ये आपली २० लाखांहून जास्त नावांची वंशावळ काढली, तेव्हा कुठे पहिल्यांदा त्यात मुलींची नावं आली.

आणि एकट्या माणसाचं काय? कुटुंबात नोंद असलेल्याला स्वतंत्र पुस्तक नसतं, कुटुंबाच्या पुस्तकात फक्त एक पान. शहरात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या, घर नसलेल्या तरुणाचं पान कॉलेजच्या किंवा कंपनीच्या 'सामूहिक हुकोऊ'त जातं, म्हणजे कुटुंबाच्या जागी संस्था येते आणि गरज पडली की आपलंच पान अर्ज करून मागून आणायचं. अगदी आत्तापर्यंत लग्नाच्या नोंदणीला हुकोऊबेन दाखवावं लागे. पसंत नसलेलं लग्न मोडायचं तर आईबाप ते पुस्तक लपवून ठेवत, आणि मुलं ते गुपचूप काढून नेत. 'पुस्तक चोरून लग्न' हा तिथल्या रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग आहे. १० मे २०२५ पासून ती अट गेली. आता ओळखपत्र पुरतं आणि देशात कुठेही नोंदणी करता येते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. प्रौढ माणसाच्या लग्नाची किल्ली कपाटाच्या कप्प्यातून बाहेर आली.

शिनयांगच्या त्या मुलीने उद्या शेनझेनमध्येच लग्न केलं, तिथला हुकोऊ मिळवला, तर तिच्या बाळाचा क्रमांक ४४०३ ने सुरू होईल. जीगुआनच्या रकान्यात बाळाच्या वडिलांकडच्या आजोबांचं ठिकाण येईल आणि त्या आजोबांनीही बाळ जन्मण्याआधीच आपला हुकोऊ शेनझेनला आणलेला असेल, तर तिथेही शेनझेनच. म्हणजे जन्मस्थळ, जीगुआन आणि हुकोऊ, तिन्ही रकान्यांत पुन्हा एकच गाव. शिनयांग मग फक्त त्या आईच्या क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांत उरेल, आणि छिंगमिंगच्या दिवशी थडगी साफ करायला ती बाळाला कोणत्या गावी नेते, त्यात.